एकसुद्धा पडणार नाही

डिसेंबर नव्व्याण्णव. अकोल्याच्या एसटीडी बूथवरून भामाबाईनं अमेरिकेतल्या पोराला फोन लावला. शेजारचा मच्छिंद्र कान टवकारून उभा होता. त्याला एक जानेवारीच्या विमानानं ड्रायव्हरकीला दुबईला जायचं होतं, आणि पेपरात तर छापून आलं होतं की सन दोन हजार लागलं की कॉम्प्युटरना साल कळेनासं होणार अन् विमानं पटापटा पडणार.

“महेंद्रा, खरंच पडत्यात का रं?”

“आई, विमानांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायलाच तर मला इथं आणलंय. सगळं मी स्वतः तपासलंय. एकसुद्धा पडणार नाही.”

“लई झ्याक. मंग एक तारखेलाच निघ. तुज्या भैनीला, शुभांगीला बघायला पावनं यायचेत.”



“आई... पाच तारखेला निघालो तर?”

“निघ बाबा सावकाश,” म्हणत भामाबाईनं फोन ठेवला.

“काय म्हनला?” मच्छिंद्रनं विचारलं.

“एकबी इमान पडनार न्हाई म्हनला.”

मच्छिंद्रचा जीव भांड्यात पडला.

भामाबाईनं पदर खोचला. “तू पाच तारखेचं तिकीट काढ.”