तिकडची माणसं

"म्हणजे तिकरं बाकड्यावर इसरलेली छत्री कोनी उचलत नाय?" भागीरथीबाईंनी पुन्हा विचारलं.

"उचलतात ना मावशी. पण नेऊन चौकीत देतात," प्रभाकर म्हणाला.

कोलशेतच्या खाडीलगतच्या त्या घरात येऊन त्याला बराच वेळ झाला होता. चहा झाला, तळलेले बोंबील झाले. मुख्य गोष्ट अजून ओठांवर आली नव्हती.

प्रभाकर कल्याणचा. पाच वर्षं जपानमध्ये काढून तो उन्हाळ्यात परतला होता. त्यातली पहिली काही वर्षं भागीरथीबाईंचा मुलगा गोमाजी आणि तो एका बंदराच्या गावात, एकाच खोलीत राहिलेले. दोघं मासळीच्या कारखान्यात. पुढे प्रभाकर नागोयाला गेला. गोमाजी तिथेच रमला, बोटीवर लागला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून बसला. मुलगीही झाली. घरी मात्र एका शब्दाने कळवलं नव्हतं. कारण निघताना आईने बजावलं होतं, कोळ्याची सोडून दुसरी सून आणलीस तर उंबरठा चढू देणार नाय.

प्रभाकर भारतात यायला निघाला तेव्हा गोमाजीने त्याला फोनवर गळ घातली होती. "आधी तिकडच्या माणसांबद्दल चांगलं सांग. आई जरा निवळली की मग माझं सांग."

प्रभाकरने हो म्हटलं आणि आज जाऊ, उद्या जाऊ करत दिवाळी उलटून गेली. आज कसाबसा आला होता.

बरं, चांगलं सांगायला त्याला खोटं बोलावं लागत नव्हतं. तो बोलत सुटला. कारखान्यातला साहेब दिवसभर तोंड उघडत नाही. संध्याकाळी माइक हातात घेऊन रडवेली गाणी म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याची कोणी टिंगल करत नाही. सुटाबुटातली माणसं चित्रांची जाडजूड पुस्तकं वाचतात, लहान मुलांसारखी हरवून जातात. एकाच गल्लीत बुद्धाचं मंदिर आणि त्यांच्या जुन्या देवांचंही. लोक दोन्हीकडे हात जोडतात.

"आमच्या घरी बुद्धवंदना होते, म्हणून मी विचारलं एकाला, तू नक्की कुठला? तो म्हणाला, दोन्हीकडचा. त्याला प्रश्नच कळला नाही."

"आनि गानी कसली असतात त्यांची?"

"जुनी गाणी सगळी दर्याची, मावशी. नवरा बोटीवर गेलाय, बायको धक्क्यावर उभी आहे."

कोपऱ्यात जाळं सांधत बसलेल्या गोमाजीच्या वडिलांचा, दामाजींचा हात थांबला. ते म्हणाले, "म्हंजी आपलीच मानसं."

"सगळं गोडगोड सांगतंस," भागीरथीबाई म्हणाल्या. "वाईट कायच नाय?"

प्रभाकर म्हणाला, "आहे. गाडीत माझ्या शेजारची जागा शेवटी भरायची. परका तो परकाच. पण मला ताप आलेला, तेव्हा शेजारची म्हातारी रोज दारात पेज ठेवून जायची. दार वाजवायची आणि मी उघडायच्या आत निघून जायची. मला ओशाळं वाटू नये म्हणून."

भागीरथीबाईंनी पदराने तोंड पुसलं. मग एकदम विचारलं, "तिकरची बाय रुसली तं कसं कलतं?"

प्रभाकर चपापला. बाईंना वास लागला की काय? सावरून तो म्हणाला, "कळत नाही, मावशी. रुसली तरी हसते. चालेल म्हणाली म्हणजे चालेलच असं नाही. आपणच ओळखायचं."

"आनि तिखट?"

"सवय नसते. पण समोर वाढलं तर नको म्हणणार नाहीत. डोळ्यांतून पाणी येईल, तरी पान संपवतील."

"ऐकलात?" भागीरथीबाई नवऱ्याकडे वळल्या. दामाजींनी मान खाली घातली.

"थंडी लागते का त्यांना आपल्यासारखी? अंघोल कवा करतात? सकालची का रातची?"

"रात्रीची. कढत पाण्यात बसून राहतात. ती नाही मिळाली तर त्यांना दिवस संपल्यासारखाच वाटत नाही."

बाई हे सगळं मनात नीट ठेवत असल्यासारख्या ऐकत होत्या. त्यांच्या कपाळावरची आठी मात्र काही जात नव्हती. प्रभाकरला वाटलं, आता आणखी थांबण्यात अर्थ नाही. शिव्या खायच्या तर आजच खाऊ.

"मावशी, एक सांगायचं राहिलंय. गोमाजीने सांगायला लावलेलं, मीच घाबरून लांबवलं." तो पुढे सरकून बसला. "गोमाजीने तिकडे लग्न केलंय. तिथलीच मुलगी आहे. चांगली आहे, मी ओळखतो. तुम्हाला नातही आहे. त्याला घरातून तोडू नका."

खाडीवरून एका होडीच्या इंजिनाचा आवाज आला आणि विरून गेला.

"ठाव हाय," भागीरथीबाई म्हणाल्या.

प्रभाकर बघतच राहिला.

"तुझी वाट बघून बघून गोमाजी दमला. तो बोटीवर गेला नि त्यानं तिलाच इकरं पाठवली. गनपतीच्या आधी दारात येऊन उभी रायली, कडेवर पोर घेऊन. पोरीचं नाक माझंच. उंबरठ्याभायेर कशी ठेवू?"

त्या आतल्या पडद्याकडे वळल्या आणि हाक मारली, "सूनबाय, ये गो भायेर."

पडदा सरकला. चौकड्याचं लुगडं नेसलेली ती मुलीला घेऊन बाहेर आली आणि प्रभाकरला पाहताच कमरेत वाकली.

भागीरथीबाई पदर सावरून प्रभाकरच्या जवळ सरकल्या.

"तिकरचं समदं सांगितलंस. आता तिला तिच्या बोलीन इचार," त्या हळूच म्हणाल्या, "इकरची मानसं तिला कशी वाटतात."