काकूंचं नाव

“ग्रुपवर कुठे माझं नाव घेऊ नकोस गं,” माझ्या लेकीला वरणभात भरवता भरवता तिला सांभाळणाऱ्या काकू म्हणाल्या होत्या. “आपलीच तर माणसं आहेत,” म्हणून मी हसले होते.

गेल्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या आम्हा मराठी आयांच्या ग्रुपवर वाद पेटला. “आम्ही बारा वर्षं ग्रीनकार्डच्या रांगेत, आणि हे बिनकागदाचे लोक नोकऱ्या खातात,” एकीने लिहिलं. मला राहवलं नाही. काकूंचं नाव घालून उत्तर दिलं, “आमच्या या काकूंकडे तरी कुठे कागद आहेत? पण त्या लेकीला सांभाळतात म्हणून माझी नोकरी टिकली.” चाळीस अंगठे आले. वाद जिंकल्यासारखं वाटलं.

सोमवारपासून काकू आल्या नाहीत, फोनही बंद आहे. त्यांना कुणी पकडून दिलं, की माझा मेसेज कळल्यावर त्या घाबरून घरात बसल्यात, ठाऊक नाही. दोनदा त्यांच्या गल्लीपर्यंत गाडी नेली, पण माझ्याही व्हिसाचे कागद अडकलेत. उतरायचं धाडस झालं नाही.

तुमच्यापैकी कुणी त्यांच्या दारापर्यंत जाल का? पत्ता फोनवर सांगेन. मराठीतच हाक मारा. इंग्रजी ऐकलं की त्या दार उघडत नाहीत.