तिरपटासुराची पोथी

‘मग तिरपटासुरानं अग्निअस्त्र रोखलं,’ बायनाबाईंनी वाचलं, ‘आणि नीलवर्ण अश्वारूढ वीर खोल विवराच्या काठाला लोंबकळू लागला.’ ओसरीवरच्या बायकांच्या वाती वळता वळता हातातच राहिल्या. बायनाबाईंनी पोथी लाल फडक्यात गुंडाळली, कपाळाला लावली आणि म्हणाल्या, ‘पुढचा अध्याय पुढच्या वेळी.’

पुढचा अध्याय त्यांच्याकडे नव्हता. खरं म्हणजे पोथीही नव्हती. फडक्यात ‘निळा स्वार’ नावाच्या चित्रकथेचा अंक होता. अग्निअस्त्र म्हणजे पिस्तूल. आकाशवाणी झाली की समजायचं, टेलिफोन वाजला. आणि तिरपटासुर म्हणजे प्रोफेसर तिरपट, अख्खं शहर उडवायला निघालेला एक चष्मेवाला शास्त्रज्ञ.

चित्रकथांचं हे वेड परकर नेसायच्या वयातलं. लग्नात त्यांनी ट्रंकेच्या तळाला, साड्यांच्या खाली, अंक दडवून सासरी आणले होते. आवडीनिवडी अगदी पक्क्या. बोलणारे ससे आणि माकडं लेकरांसाठी. भुताच्या गोष्टीत भूत शेवटी घरचा नोकरच निघतो, म्हणून त्या रद्दी. प्रेमाच्या चित्रकथा त्यांनी चुलीत घालायलासुद्धा घरात आणल्या नसत्या. मुखवटा, घोडा आणि उलट्या काळजाचा खलनायक, एवढं जमलं की बाईंना तव्यावरच्या भाकरीचीही शुद्ध राहत नसे. एका नायकानं मधेच लग्न केलं, तेव्हापासून त्याचा अंक त्यांनी हातात धरला नव्हता.

पण त्या पडल्या राधाकिशनरावांच्या पत्नी, आणि राधाकिशनराव साखर कारखान्याचे संचालक. घरात सून आलेल्या बाईनं मुखवटेवाला वाचायचा म्हणजे गावभर शोभा. एकदा शेजारणीनं विचारलं, काय वाचताय, तर घाबरून तोंडातून ‘पोथी’ निघून गेलं. शेजारीण म्हणाली, मग आमालाबी ऐकवा की. झालं! तेव्हापासून दुपारचं वाचन जे सुरू झालं ते थांबलंच नाही. नवे अंक कारखान्याच्या जीपचा ड्रायव्हर सिदू नगरच्या स्टँडवरून गुपचूप आणून द्यायचा.

यंदा दुष्काळानं सगळाच घोळ केला. रानात ऊस नाही, म्हणून कारखान्याचा बॉयलर पेटला नाही, म्हणून जीप शेडमध्ये उभी, म्हणून नवा अंक नाही. आणि दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्या बाया यंदा गावातच राहिलेल्या. दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि सुट्टी झाली की थेट बायनाबाईंची ओसरी गाठायची. ऐकणाऱ्या दुप्पट झाल्या आणि पोथी संपली.

त्यातच राधाकिशनराव घरी आले ते फुलून. ‘अगं, कीर्तनकार गहिनीनाथ महाराज उद्या तुझी पोथी ऐकायला येतायत! पार त्यांच्यापर्यंत नाव गेलंय तुझं. कारखान्याची निवडणूक तोंडावर आलीय. महाराज खूश तर गाव खूश!’

नवऱ्याची अब्रू आणि स्वतःची अब्रू, दोन्ही त्या एका फडक्यात बांधलेल्या होत्या. बायनाबाईंनी पुजाऱ्याकडून देवळातली पोथी मागवली, खरीखुरी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती अडखळत का होईना, नीट वाचली. महाराज डोळे मिटून डोलले. बायका मात्र जांभया देत होत्या. एक तर खांबाला टेकून चक्क घोरायला लागली. शेवटी महाराजांनी बाईंच्या हातात नारळ ठेवला, तोंडभरून कौतुक केलं आणि निघाले. राधाकिशनराव त्यांना पोचवायला वेशीपर्यंत गेले.

अब्रू वाचली होती, तरी बायनाबाईंना रडू येत होतं. आता बास, त्यांनी ठरवलं. देवाच्या नावावर इतकी वर्षं खोटं बोलले. अंक ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप. निळा स्वार बिचारा विवराच्या काठाला लोंबकळतच राहणार होता.

‘बायांनो,’ त्या म्हणाल्या, ‘आता रोज हीच पोथी वाचायची.’

कोणी उठेना. मग ऊसतोडीला जाणाऱ्यांतली सगळ्यात म्हातारी भिवराबाई गुडघ्यावर हात टेकत पुढे सरकली.

‘बाई, ही कावून? ही कशापायी?’

‘म्हणजे?’

‘त्यो कुठं गेला? मुखवटेवाला?’

बायनाबाईंचं तोंड पांढरंफटक पडलं. ‘कोण मुखवटेवाला?’

‘आवं, आमाला अक्षर येत न्हाई, पर चितरं दिसतेत की! तुमची तंद्री लागली की फडकं घसरतंय खाली. लई वर्सं झाली बघायलोत आमी.’

ओसरीभर खसखस पिकली. बायनाबाईंना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात भिवराबाईनं कमरेला खोवलेली एक गुंडाळी बाहेर काढली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. कोरा करकरीत अंक होता. वर घोड्यावर बसलेला निळा स्वार.

‘माझा ल्योक शहादेव नगरला काम बघायला गेलता. समद्यांनी मिळून त्याच्याकडून मागवलं. कालपासून नुसती चितरं बघून भांडायलोत. ही मंजुळा म्हणती, वरचा घोडेवाला दुसराच हाय, आपला खड्ड्यात मेला. मी म्हणते, मरतोय कशाचा!’

बायनाबाईंनी अंक उचलला. डोळे पुसले, पहिलं पान उघडलं आणि सवयीनं लाल फडक्याकडे हात नेला. भिवराबाईनं तो मधेच धरला.

‘ऱ्हाऊ द्या ते. आजचं पुण्य महाराजानं दिलंय. आता सरळ वाचा.’