तेरावी चौकट

"चौकटी बाराच आखा," शालिग्राम गुरुजी म्हणाले. "पटावर बारा आहेत."

"अक्काला धरून तेरा होतात, गुरुजी," कस्तुरा म्हणाली आणि तिने दाराकडे बोट केलं.

दारात झुंबरबाई बसली होती. मांडीवर पाटी, उजव्या हाताशी शाळेची घंटा. गावाने तिला शाळा झाडायला आणि पाणी भरायला ठेवलं होतं. हा वर्ग पहिलीत आला त्या वर्षी तिने एक पाटी आणली आणि दारातच बसकण मारली. घंटा द्यायची असे, म्हणून दार सोडता येत नसे. पोरं दुसरीत गेली, तीही गेली. पोरं चौथीत आली, तीही आली. पाढा चुकला की दारातून खोकल्याचा आवाज यायचा.

"ती विद्यार्थी नाही," गुरुजी म्हणाले. गुरुजी वाईट नव्हते. पटाबाहेरचं त्यांना दिसत नसे, एवढंच.

गावातली शाळा चौथीपर्यंत. पाचवीला चोपड्याची एसटी धरायची. म्हणून शाळेच्या हस्तलिखितातलं शेवटचं पान चौथीचं असे, आणि त्यावर काय करायचं ते पोरांनीच ठरवायचं. पुन्याने सुचवलं, गुरुजींची रोजची वाक्यं लिहू. गुरुजींना ते ऐकू आलं नाही. मगन म्हणाला, पुढे कोण होणार त्याची चित्रं काढू. विचारलं तर सहा जण कंडक्टर निघाले. शेवटी कस्तुराची कल्पना टिकली. शाईच्या पॅडवर अंगठा दाबायचा, चौकटीत उठवायचा आणि पेनाने त्याचं काहीतरी करायचं. नाव लिहायचं नाही. कुणाचा अंगठा ते बघणाऱ्याने ओळखायचं.

अर्ध्या तासात पानावर चिमणी आली, म्हैस आली, एसटी आली. एक अंगठा टोपी घालून छडी धरून उभा होता. गुरुजींनी स्वतःला ओळखलं आणि त्यांना हसू आलं. हसता हसता ते मऊ झाले.

"बरं, खाली कोपरा उरलाय. झुंबरबाई, ये. तूही अंगठा दे. तुला सवयच आहे."

वर्ग हसला. सवय खरीच होती. दर महिन्याला ग्रामपंचायतीकडून तिच्या पगाराचा कागद यायचा. गुरुजी पॅड उघडायचे, तिचा अंगठा धरायचे आणि दाबायचे. तिला नाव लिहिता येऊ लागून दोन वर्षं झाली होती. एकदा तिने पेन मागितलंही होतं. तेव्हा गुरुजींना घाई होती.

झुंबरबाई उठली नाही. "अंगठा देत नही मी, गुरुजी. सही करसू."

"सगळ्यांचे अंगठे आहेत. पान एकसारखं दिसायला हवं. अंगठा दे, नाहीतर कोपरा कोरा राहील."

"ऱ्हाऊ द्या कोरा."

शाळा सुटल्यावर पोरांनी तिला गराडा घातला. कस्तुरा रडवेली झाली होती. "अक्का, दी दे ना. तुना अंगठाना मी मोर करी देसू."

"तुमना अंगठा खेळ शे, बेटा," झुंबरबाई म्हणाली. "मना खेळ नही व्हता." आणि तिने झाडू उचलला.

पुन्याने विषय बदलला. "अक्का, तुना लुगडावर कितला डाग शेत. नकाशा दिसस नुसता."

झुंबरबाई सकाळी केळीच्या बागेत पानं कापायला जायची. तिने पदर झटकला. "केळना चीक शे, भाऊ. बठ्ठा साबण हारी गयात, डाग काही जात नही."

शनिवारी पान गुरुजींच्या टेबलावर वाळत ठेवलं होतं. झुंबरबाई झाडायला आली तेव्हा तिच्या हातात केळीच्या पानाचा ताजा देठ होता. गुरुजींना वाटलं, बकरीसाठी असेल. ते निकालपत्रकं घेऊन ओट्यावर बसले. परत आले तेव्हा वर्ग लख्ख होता. पानही तसंच होतं. बारा चौकटी, बारा अंगठे, कोपरा कोरा. त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि बांधणीसाठी चोपड्याला पाठवून दिलं.

एप्रिलअखेर निरोप समारंभ झाला. विस्तार अधिकारी साहेब आले. त्यांनी हस्तलिखित चाळलं आणि शेवटच्या पानावर थांबले. गुरुजींनी मान पुढे केली.

कोपऱ्यात अक्षरं होती. गडद तपकिरी. त्या रंगाची शाई शाळेत नव्हती. *झुंबरबाई तोताराम, इयत्ता चौथी.* ओळ सरळ, अनुस्वार बोराएवढा.

"साहेब, हे... मी खोडून टाकतो," गुरुजी म्हणाले आणि रबर शोधू लागले.

साहेब रावेरकडचे. लहानपण केळीच्या बागेत गेलेलं. त्यांनी अक्षरावर नख घासून पाहिलं. "केळीचा चीक आहे, गुरुजी. लिहिताना पाण्यासारखा, दिसतसुद्धा नाही. मग दिवस जातील तसा काळा पडतो. खोडायचं तर पान फाडावं लागेल."

त्यांनी दाराकडे पाहिलं. झुंबरबाई घंटेपाशी बसली होती. तेच लुगडं नेसून, पदराचे सगळे डाग दिसतील अशी, ताठ.

साहेबांनी बोटाने एकेक चौकट मोजली. बारा झाल्यावर बोट कोपऱ्यावर टेकलं.

"चौथी शिकवून पोरं बाहेर काढताय, आणि बाराच्या बारा अंगठे. तुमच्या वर्गात सही येते ती या एकट्या बाईलाच का, गुरुजी?"

पोरं खो खो हसली. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचा शाईचा पॅड मिटला, खणात टाकला आणि खिशातलं पेन काढलं.

"कस्तुरा," ते म्हणाले, "पट्टी आण."