नेट पळायला लागलं तेव्हा

वडूजला क्रांतीच्या घरातला कॉम्प्युटर सुरू झाला, की बराच वेळ नेट पाय ओढत चालायचं. फौजी नवरा, वीरधवल, सीमेवरनं सकाळी जेमतेम चहापुरता व्हिडिओ कॉल करायचा, आणि तो वेळ पडद्यावर फिरणारं चाक बघण्यात जायचा. यंदा सुट्टी मिळाली का, एवढंच तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"आवं वयनी, उठल्या उठल्या धा कामं अंगावर घेतंय ते," कडेगावची नणंद संयोगिता फोनवर हसली. "आपोआप उघडणारं समदं बंद करा. मालकिणीवर गेलंय बगा!"

क्रांतीनं एकेक बंद केलं. नेट पळायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वीरधवल पडद्यावर लख्ख दिसला.

"सुट्टी न्हाई गं मिळाली," तो म्हणाला.

क्रांतीचा चेहरा पडला. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मात्र तिचंच चित्र हसत होतं. ते उठलं, त्यानं डोक्यावर पदर घेतला, आणि भाकरीचा तुकडा अन् पाण्याचा तांब्या घेऊन ते पाठीमागच्या दाराशी गेलं. फौजी सुट्टीवर आला, की त्याच्यावरून असाच तुकडा ओवाळून टाकायची घरची रीत होती.

"अगं, कुणाला ओवाळतीस?" वीरधवल हसला. मग तो पडद्याकडं वाकला, आणि त्याचं हसू विरलं. "क्रांते... उंबऱ्यात तर मीच हाय."

क्रांती अजून खुर्चीतच होती; नेट तिच्याही पुढं पळालं होतं. पाठीमागं दाराची कडी वाजली, आणि तिचा हात आपसूक पदराकडं गेला.