विमलबाईच्या पत्त्यावर

"तुमच्या वाडीत कोणी आजारीच पडत नाही, काका. मग गाडी ठेवायची कशाला?"

पेणच्या आरोग्य कार्यालयात आकडेवारी सांभाळणाऱ्या वृंदाने तक्ता जनूपुढे सरकवला. कुठल्या गावातून हजारी किती माणसं दवाखान्यात दाखल झाली, त्याचा तीन वर्षांचा हिशेब. निडी गावापुढे एकेचाळीस. जनूच्या खाडीकाठच्या मिठागरवाल्या वाडीपुढे शून्य. म्हणूनच सहा महिन्यांपूर्वी वाडीची रुग्णवाहिका रोह्याकडे हलवली होती.

"शून्य कसं?" जनू म्हणाला. "मी सोता आठ दिस पडून व्हतो इथल्या दवाखान्यात, तापानं. सीताबाईला जनावर डसलं, ती पन इथंच व्हती."

वृंदाने जरा वैतागूनच जुनं रजिस्टर उघडलं. जनू सापडला. सीताबाईही सापडली. दोघांचा पत्ता एकच: विमलबाईची खोली, बाजारपेठ, पेण.

"आमच्याकडं टपाल येत नाय," जनू म्हणाला. "जन्माचा दाखला, सरकारी पत्र, समदं विमलबाईकडं येतं. ती आमच्या वाडीचीच हाय. म्हनून सगले तिचाच पत्ता सांगतात."

वृंदा पानं उलटत गेली. तीन वर्षांत त्या एका खोलीतून त्रेसष्ट रुग्ण दाखल झाले होते आणि तिला एकदाही शंका आली नव्हती. वाडीने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता, पण धोंडा उचलून दिला होता तिने. तिला मनापासून लाज वाटली.

"गाडी परत मिलंल ना?" जनूने विचारलं. "सुनेला आठवा लागलाय. आमच्या बांधावर रिक्षावाला येत नाय."

"मिळेल. मीच लिहिते."

प्रस्तावाला गेल्या सहा महिन्यांचा आकडा लागत होता. तो कुठे शोधायचा हे आता तिला ठाऊक होतं. तिने चालू रजिस्टर ओढलं आणि विमलबाईचा पत्ता शोधत शेवटच्या पानापर्यंत गेली. एकही नाव नव्हतं. तिने पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

"काका, या सहा महिन्यांत वाडीत खरंच कोणी आजारी पडलं नाही?"

"पडली ना," जनू म्हणाला. "आमची घरवाली पडली, मैना. मंग काळुराम पडला. वाटंतच गेली दोघं, इथवर पोचलीच नाय."

रकाना रिकामा सोडता येत नव्हता. वृंदाने शून्य लिहिलं.