मुलीला कोरियन येतं

पारनेरला मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं वडील तेजलचे गुण दुकानदारासारखे मांडत होते: बी.कॉम., शिवणकाम, पुरणपोळी, आणि वर मूठभर घालावी तशी कोरियन भाषा. जवळच्या सुप्याच्या कोरियन कंपनीत दुभाषी व्हायचं म्हणून ती दोन वर्षं मोबाईलवर शिकत होती. बोलायला गावात कोणी नव्हतं. म्हशीशी बोलायची, तरी प्रत्येक वाक्यात अडखळायची. "बोलून दाखव की गं," मुलाची आई म्हणाली. तेजलनं पेढ्यांचं ताट घट्ट धरलं आणि कोरियनमध्ये सांगितलं, "मला हे लग्न करायचं नाही." पहिल्यांदाच ती अडखळली नाही. टाळ्या वाजल्या. "लई गोड बोलती!" मुलाची आई खूश झाली. "अर्थ काय गं ह्याचा?" तिनं विचारलं. वडील कौतुकानं बघत होते. आता तेच मराठीत सांगायचं होतं. "पाहुणे..." ती अडखळली. "पाहुणे आले, आनंद झाला." आणि ताट पुढं केलं.